जोसेफ लॅपचिक : खेळगडी आणि गुरु
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या युवक-मेळाव्यांत केलेलें भाषण)

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आणि मागल्या बाकांवर दाटीवाटीनें बसलेल्या तरुणांनो,

ज्युबिलीच्या या व्याख्यानमालेंत आजवर संतांचीं, मिशनऱ्यांचीं आणि आपल्या धर्मग्रामाच्या आद्य धर्मगुरूंचीं चरित्रें झालीं. आज आम्ही एका चेंडू खेळणाऱ्या मनुष्याचें चरित्र सांगावयास उभे आहों, याचें कित्येकांस नवल वाटेल. चर्चच्या पाठीमागील पडीक जागा साफ करून तेथें बास्केटबॉलचें मैदान करावें, असें या ज्युबिलीच्या वर्षीं ठरलें. तें ठरल्यापासून दोन गोष्टी आमच्या कानांवर आल्या. पहिली अशी कीं, धर्मग्रामाच्या संघांत जुन्या घराण्यांचींच मुलें असावीं. भाड्याच्या खोल्यांतून राहावयास आलेल्यांचीं मुलें त्यांत नकोत. दुसरी गोष्ट आमच्यापाशीं येऊन कोणी बोललें नाहीं, ती आम्हांस उडत उडत कळली : मागल्या उन्हाळ्यांतील सामन्यांवर पैसे लागले होते, आणि ते लावणाऱ्यांत शाळकरी मुलें होतीं. या दोहोंवर आम्हांस प्रवचन करतां आलें असतें. परंतु प्रवचनें तुम्ही दर रविवारीं ऐकतां, आणि कशीं ऐकतां तें आम्हांस वेदीवरून स्पष्ट दिसतें. सबब आज चरित्रच सांगतों.

चरित्रनायकाचें नांव जोसेफ लॅपचिक. अमेरिकेंत त्यांस 'जो' म्हणत. पण मराठींत 'जो' म्हटल्याबरोबर ऐकणारा पुढच्या 'तो'ची वाट पाहूं लागतो, म्हणून आम्ही आडनांवच घेऊं. ज्या खेळांत त्यांनीं नांव मिळविलें, तो खेळ त्यांच्याहून अवघ्या आठ वर्षांनीं वडील होता. 1891 सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील एका व्यायाम-शिक्षकांनीं तो शोधून काढला. जेम्स नेस्मिथ हें त्यांचें नांव. जन्मानें कॅनडाचे, पंथानें प्रॉटेस्टंट, आणि ईश्वरविद्येचा अभ्यास पुरा केलेले असे हे गृहस्थ होते. हिंवाळ्यांत बाहेर बर्फ पडलेलें असतां आंत कोंडलेल्या दांडग्या तरुणांस धक्काबुक्कीवांचून खेळतां यावें, हा त्यांचा हेतु. फळांच्या दोन टोपल्या त्यांनीं जमिनीपासून दहा फुटांवर ठोकल्या आणि 13 नियम लिहून भिंतीवर लावले. चेंडू टोपलींत पडला म्हणजे कोणी तरी शिडीवर चढून तो काढावयाचा, अशी पहिली तऱ्हा होती. टोपलीचें बूड काढून टाकावें हें सुचावयास कांहीं वर्षें लागलीं. शहाण्या माणसांचेंही असें होतें.

लॅपचिक यांचा जन्म 1900 सालच्या एप्रिलच्या 12 तारखेस, न्यू यॉर्क शहराच्या उत्तर सीमेला लागून हडसन नदीच्या कांठीं वसलेल्या याँकर्स येथें झाला. आईबाप मध्य युरोपांतून पोटासाठीं आलेले. त्या काळच्या अमेरिकेंत अशा घरच्या मुलास नांवावरून ओळखीत, आणि ओळखून थोडें दूर ठेवीत. प्राथमिक शाळेपुढें या मुलाचें शिक्षण झालें नाहीं. लहान वयांतच तो एका यंत्रशाळेंत उमेदवारीस लागला. देवानें त्यास एकच वेगळी देणगी दिली होती, ती म्हणजे उंची. पूर्ण वाढ झाल्यावर तो साडेसहा फुटांस फक्त एक इंच कमी भरला. आज असे खेळाडू पुष्कळ दिसतात; त्या वेळीं रस्त्यानें जातांना लोक मागें वळून पाहत.

ही उंची पैसा मिळवून देऊं शकते, हें त्यास सोळासतराव्या वर्षींच कळलें. त्या काळीं प्रत्येक टोपलीनंतर चेंडू पुन्हां मैदानाच्या मध्यभागीं आणीत, आणि दोन्ही बाजूंचा एकेक उंच गडी तो वर फेंकला जातांच उडी मारून आपल्या सोबत्यांकडे वळवी. 1937 सालापर्यंत हाच नियम होता. ज्याचा मधला गडी उंच, त्याच्या हातीं चेंडू. आणि ज्याच्या हातीं चेंडू, त्याचा खेळ. यास्तव लहानमोठ्या संघांचे व्यवस्थापक या पोरासाठीं बोली लावूं लागले. एकाच मोसमांत तो चार चार संघांकडून खेळे, आणि दोन सामने एका रात्रीं आले कीं जो अधिक डॉलर देईल त्याच्याकडे जाई. ही हकीकत पुढें त्यांनीं स्वतःच मोकळेपणानें सांगितली आहे. खेळ होत तेही नाचघरांतून. कित्येक ठिकाणीं मैदानाभोंवतीं तारेची जाळी असे. खेळाडू तिच्यावर आदळत आणि अंगावर चौकटीचे वळ घेऊन घरीं जात. सामना संपला कीं त्याच फरशीवर नाच सुरू होई.

आम्ही हा भाग मुद्दाम सांगतों. पुढें ज्या मनुष्यानें पैशाच्या मोहाविरुद्ध मुलांस इतक्या कळकळीनें सांगितलें, तो पैशाची चव न घेतलेला नव्हता. चेंडूचा बाजार कसा भरतो हें त्यानें आंतून पाहिलें होतें.

1923 सालीं लॅपचिक 'ओरिजिनल सेल्टिक्स' या न्यू यॉर्कच्या संघांत गेले. हा संघ मूळचा शहराच्या पश्चिमेकडील आयरिश वस्तींतील पोरांचा. पुढें त्यांत नाना वंशांचे गडी आले. नॅट होल्मन हे यहुदी, डच डेनर्ट हे नांवाप्रमाणें निराळेच, आणि मध्यें हा लांबलचक लॅपचिक. नॅट होल्मन हें नांव ध्यानांत ठेवा. तें पुन्हां येणार आहे. सेल्टिक्सची खरी करामत अशी कीं, ते चेंडू हातांत ठेवीत नसत. त्या काळीं इतर संघांत ज्याला त्याला आपण टोपली साधावी अशी घाई. सेल्टिक्स मात्र चेंडू एकमेकांकडे इतक्या चपळाईनें फिरवीत कीं प्रतिपक्षाचे डोळे गरगरावे. बोलीवर खेळणाऱ्या लॅपचिक यांस सोबती म्हणजे काय हें येथें कळलें. मोसमांत शंभराहून अधिक सामने, रात्रीचा आगगाडीचा किंवा मोटारीचा प्रवास, ओले कपडे खिडकींत वाळवावयाचे आणि दुसऱ्या गांवीं तेच घालावयाचे, असा हा संसार होता. संघ इतका जिंकूं लागला कीं 1928 सालीं त्याची मोडतोड झाली. लॅपचिक व आणखी कांहीं सोबती क्लीव्हलंडच्या संघांत गेले, आणि त्या संघानें 1929 व 1930 हीं दोन्ही वर्षें अजिंक्यपद घेतलें.

न्यू यॉर्कांतच हार्लेम नांवाच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तींत 1923 सालीं दुसरा एक संघ निघाला होता. वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटांतून आलेले बॉब डग्लस हे त्याचे चालक. संघाचें नांव 'न्यू यॉर्क रेनेसांस', लोक नुसतें 'रेन्स' म्हणत. हे गडी सेल्टिक्सच्या तोडीचे होते. 1932-33 च्या मोसमांत त्यांनीं लागोपाठ 88 सामने जिंकले, आणि ती माळ तुटली ती सेल्टिक्सच्याच हातून. पण सामना जिंकून बाहेर पडलेल्या या गड्यांस कित्येक गांवांत खाणावळींत जेवण मिळत नसे आणि उतरावयास खोली मिळत नसे. गाडींत थंड भाकरतुकडा खावा आणि पुढच्या गांवीं जावें.

रेन्सचा मधला गडी चार्ल्स कूपर. 'टार्झन' हें त्याचें टोपणनांव. त्याची आणि लॅपचिक यांची गांठ मैदानाच्या मध्यभागीं पडे, कारण उडीची जोडी त्या दोघांची. गोऱ्या प्रेक्षकांनीं भरलेल्या सभागृहांत खेळ सुरू होण्यापूर्वीं लॅपचिक पुढें होऊन कूपर यास मिठी मारीत. आज ही गोष्ट तुम्हांस साधी वाटेल. त्या वेळच्या अमेरिकेंत एकाच मैदानावर या दोन वर्णांनीं उतरणें हेंच कित्येकांस सहन होत नव्हतें. मग मिठीची गोष्ट कशास? अशा ठिकाणीं लॅपचिक यांनीं कांहीं भाषण केलें असें आमच्या वाचनांत नाहीं. ते मिठी मारीत आणि मग उडी मारून चेंडू आपल्या बाजूस वळविण्याचा कसोशीनें प्रयत्न करीत.

1936 सालीं सेंट जॉन्स विद्यापीठानें लॅपचिक यांस आपल्या संघाचे गुरु नेमलें. हें विद्यापीठ व्हिन्सेन्शियन धर्मगुरूंनीं 1870 सालीं ब्रुकलिन येथें स्थापन केलेलें. आपल्या धर्मग्रामांत गरिबांच्या घरीं तांदूळ पोंचविणारी जी व्हिन्सेंट-डी-पॉल मंडळी आहे, ती ज्या संताचें नांव लावते त्याच संताचे हे संघीय. यंत्रशाळेंतील पदवीधर आतां विद्यापीठांतील मुलांस शिकवावयास उभा राहिला. माध्यमिक शाळेचा उंबरठाही न ओलांडलेल्या मनुष्याच्या मनाची तेव्हां काय स्थिति झाली असेल, तें खेड्यांतून निघून सेमिनरीच्या दारांत उभ्या राहिलेल्या कोणासही सांगावें लागणार नाहीं. लॅपचिक यांनीं एक गोष्ट केली : येत नाहीं तें येतें असें भासविलें नाहीं. गड्यांचें ऐकलें, त्यांस मोकळें खेळूं दिलें, आणि सेल्टिक्सकडून जें शिकलें तेवढें शिकविलें.

त्यांच्या हाताखालीं सेंट जॉन्स संघानें मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथें भरणारी राष्ट्रीय निमंत्रितांची स्पर्धा 1943 सालीं जिंकली आणि 1944 सालीं पुन्हां जिंकली. लागोपाठ दोनदां ती जिंकणारा हा पहिलाच संघ. 1944 च्या अंतिम सामन्यांत समोर शिकागोचें डी पॉल विद्यापीठ होतें, म्हणजे तेंही त्याच व्हिन्सेन्शियनांचें. त्या रात्रीं न्यू यॉर्कच्या फादरांनीं कोणासाठीं प्रार्थना केली असेल आणि शिकागोच्या फादरांनीं कोणासाठीं, आणि देवानें कोणाकडे पाहिलें असेल, हा प्रश्न आम्ही ईश्वरविद्येच्या पंडितांवर सोडतों.

बाकावर बसलेले लॅपचिक शांत नसत. जिंकलेला सामनाही त्यांच्या जिवाला लागे. 1947 सालीं ते धंदेवाईक खेळाकडे परत गेले आणि 'न्यू यॉर्क निकरबॉकर्स' या संघाचे गुरु झाले. 1951, 1952 आणि 1953 अशीं तीन वर्षें ओळीनें त्यांचा संघ अंतिम फेरीस पोंचला आणि तिन्ही वेळां हरला. पहिल्या खेपेस तर रॉचेस्टरच्या संघापुढें पहिले तीन सामने हरून पुढचे तीन जिंकले, आणि सातवा 79-75 असा चार गुणांनीं घालविला. बक्षिसांच्या दृष्टीनें हीं वर्षें कोरडीं. पण चरित्र म्हणून पाहिलें तर लॅपचिक यांची खरी परीक्षा याच काळांत झाली, आणि ती एकदां नव्हे, दोनदां.

पहिली परीक्षा 1950 सालची. तोंवर या राष्ट्रीय लीगमध्यें एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्या वर्षीं प्रथमच तिघांस प्रवेश मिळाला : बॉस्टनच्या संघांत चक कूपर, वॉशिंग्टनच्या संघांत अर्ल लॉइड, आणि लॅपचिक यांच्या संघांत नॅट क्लिफ्टन. पूर्वीं रेन्सकडूनही खेळलेला हा क्लिफ्टन लढाईंत सैन्यांत नोकरी करून आला होता. त्यास गोड सरबताची फार आवड, म्हणून लोक त्यास 'स्वीटवॉटर', म्हणजे गोडें पाणी, म्हणत. त्याची निवड होतांच याँकर्समधील लॅपचिक यांच्या घरीं दूरध्वनीवर शिव्या येऊं लागल्या. त्यांचा धाकटा मुलगा रिचर्ड तेव्हां पांच वर्षांचा. घरांतील दुसऱ्या यंत्राचा कर्णा उचलून तो त्या शिव्या ऐके. अर्थ कळत नसे, पण वडिलांचा कोणी द्वेष करतें एवढें कळे. एके दिवशीं खिडकींतून त्यानें पाहिलें, तों समोरच्या झाडाला वडिलांचा पुतळा फांशीं दिल्यासारखा टांगलेला, आणि खालीं माणसें उभीं. तीं माणसें परदेशचीं नव्हतीं, त्याच वस्तींतलीं होतीं.

वडीलधाऱ्या मंडळींनो, ज्या मनुष्याच्या आईबापांस त्या देशांत उपरे म्हटलें गेलें, त्याच्याच मुलास हें पाहावें लागलें. लॅपचिक यांनीं क्लिफ्टन यास काढलें नाहीं. तो पुढें अनेक मोसम त्यांच्या संघांत राहिला. आणि तो पांच वर्षांचा मुलगा मोठा होऊन खेळांतील वर्णभेदाविरुद्ध झगडणारा प्राध्यापक झाला. 1978 सालीं, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या टेनिस-संघास अमेरिकेंत खेळूं देऊं नये अशी चळवळ करीत असतां, बुरखे घातलेल्या दोघांनीं त्याच्या कॉलेजांतील खोलींत घुसून त्यास जबर मारहाण केली. त्यानंतरही त्यानें तें काम सोडलें नाहीं.

दुसरी परीक्षा 1951 सालची, आणि ही विशेषतः मागल्या बाकांसाठीं. त्या वर्षाच्या जानेवारींत न्यू यॉर्कांतील मॅनहॅटन कॉलेज या डी ला साल ब्रदरांच्या संस्थेंतील जुनियस केलॉग नांवाच्या कृष्णवर्णीय गड्यास 1000 डॉलर देऊं करण्यांत आले. देऊं करणारा कोणी अनोळखी गुंड नव्हता. त्याच कॉलेजचा माजी खेळाडू होता. केलॉग यानें सरळ जाऊन आपल्या गुरूंस सांगितलें, आणि तेथून पोलिसांपर्यंत गोष्ट गेली. चौकशी सुरू झाली तशी एकामागून एक कॉलेजें त्यांत सांपडलीं. शेवटीं 7 कॉलेजांतील 32 खेळाडू आणि 1947 ते 1950 या काळांतील 86 सामने त्या जाळ्यांत आले. सर्वांत मोठा धक्का सिटी कॉलेजचा. आदल्याच वर्षीं त्या संघानें राष्ट्रांतील दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच मोसमांत जिंकल्या होत्या. त्याचे गुरु कोण? नॅट होल्मन. लॅपचिक यांच्या सेल्टिक्समधील जुने सोबती. होल्मन यांनीं पैसे घेतल्याचा आरोप नव्हता. परंतु ज्या मुलांस त्यांनीं घडविलें तींच पोलिसांच्या चौकींत बसलीं होतीं.

या मुलांनीं केलें काय, तें नीट समजून घ्या. कारण पाप येथें फार सभ्य वेषानें आलें. पैजा घेणारे लोक अमुक संघ दहा गुणांनीं जिंकेल असा अंदाज बांधीत. मग ते त्या संघांतील मुलास म्हणत : "बाबा, तूं हरूं नकोस. जिंक. फक्त दहाऐवजीं सहा गुणांनीं जिंक." मुलगा मनाशीं म्हणे, माझा संघ तर जिंकतोच आहे, माझें कॉलेज, माझे गुरु, कोणाचेंच कांहीं जात नाहीं. सेमिनरींत नीतिशास्त्राच्या तासास आम्हांस शिकविलें गेलें कीं, वस्तूचा धनी कोण हें न पाहणारास आपण चोरी केली असें कधींच वाटत नाहीं. त्या सामन्याचे धनी पुष्कळ होते. तिकीट काढून आलेला कामगार धनी होता, छातींत दम भरेपर्यंत धांवणारा सोबती धनी होता, समोरचा प्रतिपक्षही धनी होता. त्या सर्वांस खेळ म्हणून जें दाखविलें तो खेळ नव्हता. आणि जीं मुलें गेलीं तीं बहुतेक गरीब घरांतलीं, हुषार, आईबापांची आशा असलेलीं. कांहीं तुरुंगांत गेलीं. धंदेवाईक लीगचीं दारें त्यांस जन्माचीं बंद झालीं.

लॅपचिक यांनीं वर्तमानपत्रांतील हीं कात्रणें कापून एका वहींत चिकटविण्यास सुरुवात केली. अटकेच्या बातम्या, शिक्षेच्या बातम्या, टोपी डोळ्यांवर ओढून चौकीच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलांचीं चित्रें. 1956 सालीं प्रकृति ढांसळल्यामुळें निकरबॉकर्स सोडून ते पुन्हां सेंट जॉन्समध्यें आले. तेव्हांपासून संघांतील गड्यांच्या हातीं ते ही वही देत. ती वाचावयाची आणि वाचली म्हणून सही करावयाची. भाषण नाहीं, शपथ नाहीं. आम्ही हें प्रथम वाचलें तेव्हां आमची पाळकीय बुद्धि जरा दुखावली. इतकीं प्रवचनें लिहून आमच्या हातून जें झालें नाहीं तें एका कात्री-डिंकवाल्यानें केलें असावें असें वाटलें.

सेंट जॉन्समधील हा दुसरा काळ नऊ वर्षांचा. 1959 सालीं संघानें तीच निमंत्रितांची स्पर्धा पुन्हां जिंकली. विद्यापीठाचा नियम असा कीं, 65 व्या वर्षीं निवृत्त व्हावयाचें. लॅपचिक यांस 1965 च्या एप्रिलांत तें वर्ष लागणार होतें. त्या शेवटच्या मोसमांत त्यांच्या मुलांनीं देशांत अग्रगण्य मानलेल्या मिशिगनच्या संघास 75-74 असें एका गुणानें हरविलें. आणि मार्चमध्यें, गुरूंच्या अखेरच्या सामन्यांत, ऑगस्टिनियन धर्मगुरूंच्या व्हिलानोव्हा विद्यापीठास 55-51 असें हरवून ती स्पर्धा चौथ्यांदां त्यांच्या पदरांत टाकली. पुढच्या वर्षीं स्प्रिंगफील्डच्या मानमंदिरांत त्यांचें नांव लागलें, तें खेळाडू म्हणून.

त्यांच्या जागीं आलेले लुई कार्नेसेका हे त्यांच्याकडून मिळालेला एक मंत्र पुढें सांगत असत. मराठींत त्याचा आशय असा कीं, आज तूं मोर आहेस, उद्यां पिसांचा झाडू होशील. आपल्या बाजारांत मोरपिसांचा कुंचा पाहिलेल्यास हें अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं. 1970 सालच्या ऑगस्टच्या 10 तारखेस लॅपचिक वारले.

आतां आपल्या मैदानाविषयीं. खांब उभे राहिले आहेत, कडीं व जाळ्या येत्या आठवड्यांत बसतील. संघाची नोंदवही सोमवारपासून कचेरींत ठेवलेली असेल. तींत चार रकाने आहेत : नांव, वय, इयत्ता, आणि आईची किंवा बापाची सही. घराणें कोणतें, आणि घर स्वतःचें कीं भाड्याचें, यासाठीं रकाना ठेवलेला नाहीं. तिच्याशेजारीं दुसरी एक वही आहे, कात्रणांची. पैजांपायीं उद्ध्वस्त झालेल्या खेळाडूंच्या बातम्या आमच्या साहाय्यक फादरांनीं तींत चिकटविल्या आहेत. ती वाचून सही केल्यावांचून पहिल्या वहींत नांव लागणार नाहीं. सराव शनिवारीं दुपारीं साडेचारला. बूट नसले तरी चालेल, वेळेवर या.